तुरीच्या दाण्यांची पंगत

नाचणगावात कोणाकडे बारसं असो, तेरवी असो की लग्न, घरमालक आधी रूपरावांकडे जातो आणि मग किराणा भरायला. हा क्रम चुकला की काय होतं, ते गावानं पाहिलेलं आहे. एकाकडच्या बारशात भात इतका उरला होता की तिसऱ्या दिवशी गाईंनीसुद्धा तोंड फिरवलं. दुसऱ्या एकाच्या तेरवीला उलटं झालं. वरणात पाणी घालत घालत शेवटच्या पंगतीपर्यंत नेलं, आणि त्या पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी ते वाटीला तोंड लावून चहासारखं प्यायलं. ही गोष्ट त्या घराला अजून ऐकावी लागते.

रूपराव आचारी नव्हेत आणि कंत्राटदार तर मुळीच नव्हेत. वांगी, मेथी, सांबार पिकवून पुलगावच्या बाजारात विकणारा हा साधा कास्तकार माणूस. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडचे पाहुणे दर वेळी फसतात म्हणून सांगून ठेवलेलं बरं.) वय पासष्टच्या पुढे, पांढरा शर्ट, आणि शर्टाचे दोन्ही खिसे कायम फुगलेले. एका खिशात तुरीचे दाणे, दुसऱ्यात मुगाचे. त्यांची सगळी विद्या त्या दोन खिशांत होती.

कार्याच्या आठ दिवस आधी ते घरोघर आवतन द्यायला निघत. आवतन दोन प्रकारचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. माणशी म्हणजे घरातून एकानं. मग कार्याच्या दिवशी सकाळी दुसरी फेरी. प्रत्येक दारात दोन मिनिटं थांबायचं, ख्यालीखुशाली विचारायची आणि बोलता बोलता डोळ्यांनी घर मोजायचं. सून माहेरी गेली, एक कमी. लेक बाळंतपणाला आली, एक जास्त, आणि तिला दोन घास जास्त. मोठ्या माणसाचा तुरीचा दाणा, लेकराचा मुगाचा. घर झालं की दाणे कापडी पिशवीत पडत. गाव फिरून आले की त्यांची बायको नलू पाटावर दाणे ओतून मोजत असे आणि तेवढ्याच माणसांचं अन्न चुलीवर चढे. कमी पडलं नाही की उरलंही नाही. निदान गावाला तरी तसंच वाटत होतं.

नलूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून दाणे जो कोणी सापडेल तो मोजत असे.

वर्षाली ही रूपरावांची पुतणी. त्यांचा धाकटा भाऊ दौलतराव पुलगावात नोकरीला, तिथंच घर. वर्षाली वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. मोठेबाबांच्या खिशांचं तिला लहानपणी अप्रूप होतं, कॉलेजात असताना थोडी लाज वाटायची, आणि आता पुन्हा अप्रूप वाटू लागलं होतं. त्याला कारण घडलं एका मैत्रिणीच्या लग्नात. मोठं सभागृह, मोठा बुफे. साडीवर पडलेला डाळीचा डाग धुवायला नळ शोधत ती मागच्या बाजूला गेली आणि तिथंच उभी राहिली. भात, पनीर, गुलाबजाम, नूडल्स, सगळं एका ढिगात, वर थर्माकोलच्या ताटल्या आणि अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या. एक गाय ताटलीसकट चावत होती. वर्षालीनं तिच्या तोंडातून ती ताटली ओढून काढली, साडीचा सत्यानाश झाला, आणि त्याच साडीत घरी येऊन तिनं जाहीर केलं की माझ्या लग्नात बुफे होणार नाही. नाचणगावात पंगत बसेल आणि अंदाज मोठेबाबा सांगतील.

त्या वेळी लग्न ठरायचं होतं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. कार्तिकात ते ठरलं. मुलगा हिंगणघाटचा, पीयूष नावाचा, शांत आणि चांगला. मग मात्र दौलतरावांचं धाबं दणाणलं. त्यांनी अठ्ठावीस पदार्थांचं एक छापील कार्ड आणलं आणि भावापुढं ठेवलं. रूपरावांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"दौलत, हे बेबीकॉर्न काय होय?"

"मक्याचं लहानसं कणीस, दादा."

"मंग त्याले मोठं काऊन नाई होऊ देत?" रूपरावांनी कार्ड उलटं करून ठेवलं. "हे पाय. माघात लग्न हाय. माघात आपल्या वावरात वांगे लदबदून राह्यते. नवी तूर घरात येते. मेथी हाय, सांबार हाय, ताक हाय. तं वांग्याची भाजी, वरण, रोडगे, भात, कढी, अन् गुळाचा शिरा. वावरात जे हाय तेच पानात."

"रोडगे!" दौलतरावांनी कपाळावर हात मारला. "दादा, लग्न हाय, महादेवाचा भंडारा नाई! वऱ्हाडाले रोडगे खाऊ घालता?"

"काऊन? वऱ्हाडाले दात नाईत का?"

वर्षाली हसली आणि बापाचा चेहरा पाहून लगेच गप्प झाली. दौलतरावांना खरोखरच भीती वाटत होती. एकुलती एक लेक, हिंगणघाटची पैसेवाली सोयरीक, आणि आपण त्यांना गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे वाढणार. वर ते मोजून. ते हळू आवाजात म्हणाले, "दादा, पदार्थ कमी असले तं चालन. पण मोजून कराचं म्हणजे... एक माणूस जरी उपाशी गेला ना, माह्यं नाक कापलं. पोरीले जलमभर ऐका लागन."

रूपरावांनी खिशात हात घालून दाणे चाळवले. विचार करताना त्यांना ती सवय होती. "एक बी माणूस उपाशी नाई जाणार," ते म्हणाले. "गेला, तं त्या दिवसापासून मी या गावात कोणाले अंदाज सांगणार नाई. हा माहा शबूद हाय."

वर्षालीनं हट्ट धरला होता तो अन्नाच्या नासाडीसाठी. आता त्या हट्टावर एका म्हाताऱ्या माणसाची उभ्या आयुष्याची अब्रू लागली होती.

रूपराव मात्र दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. पहिल्यांदा गेले शेजारच्या कुंताबाईंकडे, पत्रावळींसाठी. कुंताबाई नलूबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण. "एवढ्या लवकर?" त्यांनी विचारलं. रूपराव म्हणाले, "माघ लागला का पळस पानं टाकते अन् फुलं धरते. तवा काय फुलायवर जेवू घालू?" तेव्हा कार्तिकातच पानं आली, बायका ओसरीवर बसून टाचू लागल्या आणि पत्रावळींचे गठ्ठे वळचणीखाली सुकायला लागले. पाण्याच्या बाटल्या बाद, त्याऐवजी गावातले मातीचे रांजण मागून आणायचे ठरले. सगळं नीट चाललं होतं.

आणि मग रूपरावांनी तो पराक्रम केला.

मुलाकडून निरोप आला होता की एकशेदहा माणसं येतील. रूपरावांनी विचारलं, चूलबंद की माणशी? त्यांना काही कळेना, कारण त्यांनी आमंत्रणं मोबाइलवर पाठवली होती. "मोबाइलमंधी माणूस दिसते का?" असं पुटपुटत रूपराव लग्नाच्या तीन दिवस आधी सकाळच्या एसटीनं हिंगणघाटला गेले. खिशात दाणे होतेच. पीयूषच्या गल्लीत शिरले आणि एका टोकापासून दार वाजवायला लागले. "नाचणगावचा हाय मी, मुलीचा मोठा बाप. तुमच्या इथून किती जण येऊन राह्यले?"

दुपारी दौलतरावांना व्याह्यांचा फोन आला. ते हसत होते की रागावले होते ते दौलतरावांना कळलंच नाही. ते घामानं ओलेचिंब झाले. मुलीकडचा माणूस वरपक्षाच्या दारोदार डोकी मोजत फिरतोय, असं सोयरिकीच्या इतिहासात कोणी ऐकलं नसेल. "आता लग्न मोडते," असं म्हणून ते खाटेवर आडवेच झाले.

संध्याकाळी रूपराव परतले ते खुशीत. पीयूषच्या आजीनं, प्रमिलाबाईंनी, त्यांना घरात बोलावून चहा पाजला होता आणि शेजारी बसून एकेक घर सांगितलं होतं. "माह्या पोराले काय समजते," असं त्या म्हणाल्या होत्या. "एकशेदहा सांगते, अन् माह्या माहेरचे धरलेच नाई त्यानं." पिशवीत एकशेअडतीस दाणे होते. त्यांत दोन गाड्यांचे ड्रायव्हर होते, फोटोवाला होता, आणि नाही-हो करत शेवटी येणारी पीयूषची रुसलेली आत्याही होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी गावातली फेरी झाली. वर्षालीच्या अंगाला हळद लागलेली, तरी तिनं हट्टानं पाट मागवला आणि दाणे स्वतः मोजले. पिवळ्या बोटांनी दहा-दहाचे ढीग केले. लेकरांचे दोन मूग मिळून एक. सगळे मिळून चारशे त्रेसष्ट भरले. रूपराव बाजूला उभे राहून तिच्या बोटांकडे पाहत होते. तिचे ढीग संपले तरी क्षणभर थांबले, जणू अजून काही व्हायचं होतं. मग म्हणाले, "बरोबर हाय. चारशे त्रेसष्ट रोडगे." आणि रोडगे भाजायच्या गोवऱ्यांच्या आराकडे निघून गेले.

पंगती बसल्या. वाढणाऱ्यांना रूपरावांची ताकीद होती, आधी अर्धा रोडगा, खाऊन झाला की विचारून दुसरा अर्धा. भात एकदम नाही, पंगत बसली की तेवढाच चुलीवर. ते स्वतः भाजीचा पळा घेऊन रांगेतून फिरत होते. हिंगणघाटची तरुण मंडळी आधी रोडग्याकडे संशयानं पाहत होती. मग त्यावर तूप पडलं, वांग्याची झणझणीत भाजी पडली आणि बोलणं बंद झालं. रुसलेल्या आत्यानं शिरा दोनदा मागितला. ती हसलीसुद्धा, तशी साक्ष देणारे लोक आहेत.

गाड्यांतून उतरली माणसं बरोबर एकशेअडतीस. दौलतराव पहिल्या तिन्ही पंगतींना मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. दुसरी पंगत उठली, तिसरी उठली. चौथीत बँडवाले, ड्रायव्हर, वाढपी आणि शेवटी दौलतराव बसले. ते उठले तेव्हा रूपरावांनी भाजीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, तिरका करून भावाला दाखवला. तळ लख्ख. रोडग्यांची टोपली रिकामी. मांडवामागच्या खड्ड्यात फक्त पत्रावळी पडल्या होत्या, त्यांचं पावसाळ्यापर्यंत खत होणार होतं.

"मानलं दादा," दौलतराव म्हणाले. "तुले मानलं."

आता उरली होती नवरानवरीची दोन पानं. रांगोळी काढून मांडलेली, झाकून ठेवलेली. वर्षाली आणि पीयूष पाटावर बसले. आणि समोरून वर्षालीला दिसलं, मोठेबाबा रांजणाजवळ उभे आहेत. त्यांनी एक लोटा पाणी प्यायलं. मग आणखी एक. उपरण्यानं तोंड पुसलं आणि बादली उचलून वावराच्या दिशेनं चालू लागले.

"मोठेबाबा कोणत्या पंगतीत बसले?" तिनं शेजारी भांडी आवरणाऱ्या कुंताबाईंना विचारलं.

कुंताबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "भाऊजी कुठी जेवते बाई," त्या म्हणाल्या. "दोन वर्ष झाले, नलू गेली तवापासून कोण्याच पंगतीत नाई जेवले. मी मागून बसतो म्हणते. मागून काई राह्यतच नाई."

"म्हणजे?"

"दाणे नलू मोजे ना. मोजाच्या आधी आपल्या हातानं एक दाणा पिशवीत टाके. म्हणे, सगळ्या गावाले मोजते अन् सोताले इसरते. मले वाटे, आता भाऊजी घरी जाऊन जेवत असन. एक डाव तेरवीच्या दिवशी भांडं मागाले गेली तं चूल थंडी. कोणाले सांगशीन तं पाय, म्हणाले." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आज म्यां एक रोडगा लपवून ठेवलता त्यायच्यासाठी. तो बी शोधून काढला अन् फोटोवाल्याले वाढला."

वर्षालीला सकाळचा तो क्षण आठवला. दाणे मोजून झाल्यावर मोठेबाबा थांबले होते. कशासाठी, ते तिला आता कळलं. ती पाटावरून उठली. नवरीनं पानावरून उठू नये म्हणतात, पण तिनं ते मनावर घेतलं नाही.

"मोठेबाबा!" तिनं मांडवातून हाक मारली. "तुमचा अंदाज चुकला."

दौलतरावांचा चेहरा पांढरा पडला. रूपराव वळले, बादली हातातच.

"कितीनं?"

"एकानं. एक माणूस उपाशी चाललं."

रूपराव परत आले ते पावलं मोजत. ओठ हलत होते. "वेशीजवळचं पह्यलं घर चूलबंद, सात. कमलाबाईची सून माहेरी गेलती, ते कमी केली. देवळामागचे अकरा. हिंगणघाटचे सगळे उतरले, म्यां सोता पाह्यले. बँडवाले आठ, आठी जेवले. ड्रायव्हर जेवले..." ते थांबले. कपाळावर घाम आला होता. "कोणाचं घर राह्यलं वर्षू? सांग ना माय. कोणाले इसरलो मी?" मग भावाकडे वळून म्हणाले, "दौलत, माहा शबूद गेला रे बाप्पा. संपलं. आजपासून अंदाज बंद."

"तुमचं," वर्षाली म्हणाली.

"काय?"

"तुमचं घर राह्यलं, मोठेबाबा. तुम्ही सोताले मोजलंच नाई."

रूपरावांनी बादली खाली ठेवली. हात आपोआप खिशात गेला. दौलतरावांना आधी काहीच कळलं नाही. मग कळलं, आणि कळल्यावर त्यांना भावाकडे पाहवेना. दोन वर्षांत गावातल्या सगळ्या कार्यांत ते याच भावाच्या अंदाजानं रांधलेलं पोटभर जेवले होते.

"मालूम होतं मले," रूपराव म्हणाले. "नलू टाके तो दाणा. म्यां पाह्यलं होतं. पण नलू गेल्यावर आपल्या हातानं आपलाच दाणा टाकाले कसंतरी वाटे. तो दुसऱ्या कोणंतरी टाका लागते."

वर्षाली रडत होती आणि रागावलीही होती. नवरीच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. तिनं आपल्या पाटासमोरचं पान उचलून मोठेबाबांसाठी बाजूला मांडलं. पीयूष कोणी सांगायच्या आधीच सरकून बसला होता. "आम्ही दोघं एका पानात जेवतो," तो म्हणाला. "तसंही घास भरवावाच लागतो ना."

"नाई नाई," रूपराव मागं सरकले. "नवरानवरीच्या शेजारी कुठी..."

"बसा इवाईबुवा," मागून प्रमिलाबाईंनी व्याह्यांना दटावलं. म्हातारी खुर्चीत बसल्या बसल्या काठी रोखत होती. "माह्या घरी तीन कप चहा पेले तवा नाई लाजले."

मांडव हसला. रूपराव बसले. दौलतरावांनी स्वतः त्यांच्या पानात रोडगा कुस्करला, तूप ओतलं, आणि इतकं ओतलं की रूपरावांनी सवयीनं हात आडवा केला, "बस्स, वाया जाईन." मग मान खाली घालून जेवले. सावकाश, एकेक घास चावत. पान चाटून पुसून स्वच्छ केलं. चारशे चौसष्टावा माणूस जेवला, आणि शब्द राहिला.

निघायच्या वेळी सगळे रडतात, तशी वर्षालीही रडली. पण गाडीत बसण्याआधी तिनं मोठेबाबांची ती कापडी पिशवी मागून घेतली. त्यांच्या खिशातून तुरीचा एक दाणा काढला, पिशवीच्या कोपऱ्यात ठेवला आणि वरून करकचून गाठ मारली.

"ही सोडायची नाई," ती म्हणाली. "पिशवी निघाली का हा दाणा आधीच आत हाय. मी टाकलेला."

रूपरावांनी गाठ अंगठ्यानं चाचपली आणि पिशवी घडी करून वरच्या खिशात ठेवली.

चैत्रात कमलाबाईंच्या नातवाचं बारसं झालं. दुपारी कुंताबाईंनी हिंगणघाटला फोन केला. दाणे दौलतरावांनी मोजले, गाठीतला धरून, असं त्यांनी सांगितलं. आणि भाऊजी दुसऱ्याच पंगतीला बसले, आलूची भाजी खारट झाली म्हणून आचाऱ्यावर चिडले, अन् तरी दोनदा मागून घेतली.